सागवनांतील मुरमाची वाट

सायकलीला चांगला रस्ता लागतो, ही समजूत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. डांबर गुळगुळीत असेल तर सायकल आणि दगडधोंडे असतील तर पायीं, अशी वांटणी आपण मनाशीं कधींच करून टाकलेली असते. पण या दोहोंच्या मध्यें एक फार मोठा प्रदेश पसरलेला आहे. बैलगाड्यांच्या वाटा, कालव्यांच्या कडेचे बांध, वाड्यापाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते आणि रानांतील लांकूड खालीं आणण्यासाठीं काढलेले मुरमाचे मार्ग हे सारे त्यांतच येतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पाश्चात्त्य देशांत या मधल्या प्रदेशासाठीं एक निराळी सायकल घडविण्यांत आली. तिला ते लोक 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. आपल्याकडील रानरस्त्यांवर मात्र खडी क्वचितच असते. असतो तो मुरूम. म्हणून या भाषणापुरतें मी तिला मुरमाची सायकल म्हणणार आहें. ही सायकल कशी असते, ती ज्या वनांतून जाते तें वन कसें चालतें, आणि मुख्य म्हणजे ती वाट कोणाची, एवढ्याच गोष्टी आज सांगावयाच्या आहेत. उदाहरण म्हणून भिवंडीच्या आसपासचा मुलूख घेऊं.

भिवंडी म्हटलें कीं यंत्रमागांचा खडखडाट आठवतो, आणि अलीकडे त्याच्या जोडीला नाशिकच्या हमरस्त्यालगत पसरलेलीं मालाचीं गोदामें. मुंबईच्या घरोघरीं येणारा पुष्कळसा माल याच गोदामांतून निघतो. परंतु शहर म्हणजे तालुका नव्हे. वाड्याच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघालें आणि मालमोटारींची गर्दी मागें पडली, कीं भातखाचरें लागतात. खाचरांच्या बांधांवर ऐन, मोह आणि साग उभे असतात. आणि पंचवीस-तीस किलोमीटरांवर तानसा नदीच्या कांठीं वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्णोदकाचीं कुंडें येतात. पश्चिमेस तुंगारेश्वराचा डोंगर, पूर्वेस शहापूर तालुक्यांतील माहुलीचे सुळके. वज्रेश्वरीचें देऊळ १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांनीं बोललेल्या नवसांतून उभें राहिलें असें सांगतात, आणि याच वाटेवरील दुगाड येथें १७८० च्या डिसेंबरांत इंग्रजांशीं झालेल्या लढाईंत रामचंद्र गणेश हा मराठी सेनानी पडला. म्हणजे हा मुलूख कांहीं आडरान नव्हे. माणसांच्या पायांखालचा जुना मुलूख आहे. पुढील सारें विवेचन ऐकतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां सायकलीकडे वळूं. शर्यतीच्या सायकलीचें चाक आपण पाहिलेंच असेल. तिचा टायर पंचवीस ते अठ्ठावीस मिलिमीटर रुंद, आणि तो दगडासारखा टणक होईपर्यंत हवेनें भरलेला. मुरमाच्या सायकलीचा टायर अडतीसपासून पन्नास मिलिमीटरांपर्यंत रुंद असतो आणि त्यांत हवा निम्म्याहूनहि कमी दाबानें भरतात. हँडल शर्यतीच्या सायकलीप्रमाणेंच मेंढ्याच्या शिंगासारखें खालीं वळलेलें, पण थोडें अधिक पसरट. उतारावर हात घट्ट धरतां यावा म्हणून. ब्रेक चाकाच्या कडेवर न लागतां तुंब्याजवळील पोलादी तबकडीवर लागतो. त्यामुळें चाक चिखलानें माखलें तरी ब्रेक सुटत नाहीं. वजन सुमारें नऊ ते अकरा किलो.

येथें एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या दूधवाल्याची जी काळी, दांड्याची, अठ्ठावीस इंची सायकल असते, तिचा टायर दीड इंच रुंद, म्हणजे सुमारें अडतीस मिलिमीटर असतो. मुरमाच्या नव्या सायकलीच्या टायरचें मापहि जवळजवळ तेंच! आपल्या खेडोपाडींचे लोक दोन-तीन पिढ्या ज्या रुंदीच्या चाकावर कच्च्या रस्त्यानें हिंडले, तिच्याकडेच पाश्चात्त्य कारागीर फिरून आले आहेत. फरक आहे तो वजनाचा, ब्रेकचा आणि गिअरांचा. पण तो फरक लहान नाहीं. दूधवाल्याच्या सायकलीचा पायटा एकदां फिरला कीं ती पांच मीटरांहून अधिक पुढें जाते. सपाटीवर हें ठीक, चढावर मात्र उतरून ढकलावें लागतें. मुरमाच्या सायकलीला मागें मोठमोठ्या दांत्यांचीं चक्रें असतात. पुढें चाळीस दांते आणि मागेंहि चाळीस दांते असें जुळविलें, कीं पायट्याच्या एका फेऱ्यांत चाकाचाहि एकच फेरा होतो, आणि सायकल दोन मीटरांहून थोडी अधिक सरकते. गति माणसाच्या चालण्याइतकी उतरते, पण चढ चढतो.

कमी हवेचें रहस्य पुष्कळांना उलटें वाटतें. टणक चाक वेगानें धांवतें असा आपला अनुभव. मग हवा कां काढावी? त्याचें उत्तर असें. गुळगुळीत रस्त्यावर टणक चाकच चांगलें, यांत शंका नाहीं. परंतु रस्ता खडबडीत झाला कीं टणक चाक प्रत्येक खड्यावर चढतें, आणि त्याबरोबर सायकल व स्वार मिळून ऐंशीं-नव्वद किलोंचें ओझें तेवढ्यापुरतें वर उचललें जातें. तें उचलण्याची शक्ति स्वाराच्या पायांतूनच यावी लागते, आणि खालीं आदळतांना ती त्याच्या अंगांत व सायकलीच्या सांगाड्यांत जिरून फुकट जाते. मऊ चाक खड्याला पोटांत घेतें. खडा टायरमध्यें रुततो, ओझें जेथल्या तेथें राहतें, आणि चाक पुढें निघतें. जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ मध्यें बेलफास्ट येथें हवेचा टायर केला, तो आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला बसणारे धक्के चुकविण्यासाठींच. शंभर वर्षें शर्यतीच्या नादानें आपण तो हेतु विसरलों होतों, एवढेंच.

कांट्यांचा प्रश्न आपल्या रानांत मोठा आहे. बाभूळ, बोर, खैर यांचे कांटे उन्हाळ्यांत वाळून वाटेवर पडतात. यावर नव्या सायकलींत उपाय केलेला असतो. टायरांत निराळी ट्यूब नसते. त्याऐवजीं रबराचा पातळ चीक घातलेला असतो. कांटा घुसला कीं हवेबरोबर तो चीक बाहेर येऊं लागतो, आणि भोकाच्या तोंडाशींच गोठून बूच बसवितो. बारीक भोकांपुरतें हें साधतें. धारदार दगडानें टायर चिरला तर मात्र सुई-दोरा घेऊन बसण्याची तयारी ठेवावी.

या खेळाचें माहेर अमेरिकेंतील कॅन्सास परगण्याचे शेतरस्ते. तेथें २००६ पासून भरणारी दोनशें मैलांची शर्यत फार गाजली, आणि २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय सायकल संघानें इटालींत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भरविली. परंतु वनांचा आणि या सायकलीचा सांधा खरा जुळला तो उत्तर इंग्लंडांतील किल्डर येथें. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडाला लांकडाचा तुटवडा पडला. म्हणून १९१९ मध्यें तेथें वनायोग स्थापन झाला, आणि १९२६ पासून किल्डरच्या ओसाड माळांवर सूचिपर्णी वृक्षांची लागवड सुरू झाली. आज तें वन सहाशें चौरस किलोमीटरांहून मोठें असून त्यांत सतत तोड आणि सतत लागवड चालूं असते. तोडीसाठीं काढलेले शेंकडों किलोमीटरांचे खडीरस्ते तेथें आयतेच होते. २०१६ पासून त्यांच्यावर दोनशें किलोमीटरांची सायकलफेरी भरूं लागली. शेजारच्या स्कॉटलंडांत तर २००३ च्या कायद्यानें कोणालाहि जबाबदारीनें पायीं वा सायकलीवर रानांतून जाण्याचा हक्कच दिलेला आहे. तोडीचें वनहि त्याला अपवाद नाहीं. ज्या भागांत तोड चालूं असेल तेवढा भाग त्या दिवसांपुरता बंद असतो.

हें वाचून आपल्याकडील उत्साही तरुणांना वाटतें, कीं आपल्याकडेहि साग आहे, रस्ते आहेत, डोंगर आहेत. मग अडलें कोठें? अडलें कोठें तें समजण्यासाठीं आपलें सागवन थोडें जवळून पाहिलें पाहिजे.

ठाणें जिल्ह्याचें रान मूळचें मिश्र पानझडी रान. त्यांत साग आपोआप उगवतो, आणि सरकारी वनखात्यानें ठिकठिकाणीं तो मुद्दाम लावलाहि आहे. लावलेला साग ओळखणें सोपें. त्याच्या रांगा दिसतात. रोपवाटिकेंत वर्षभर वाढविलेलें रोप उपटून त्याचा शेंडा आणि आडवीं मुळें छाटून टाकतात. उरतो तो बोटाएवढ्या जाडीचा तुकडा. त्याला जडी म्हणतात. पहिल्या पावसाच्या सुमारास पहारेनें भोंक पाडून ती जडी जमिनींत ठोकतात. दोन-दोन मीटरांवर एक, म्हणजे हेक्टरीं पंचवीसशें. पुढें झाडें एकमेकांशीं उन्हासाठीं झगडूं लागलीं, कीं विरळणी करतात. ती पुन्हां पुन्हां होते, आणि साठ-ऐंशीं वर्षांनीं शेवटच्या तोडीला हेक्टरीं शें-दोनशें झाडेंच उरतात. आजोबांनीं लावावें आणि नातवानें तोडावें असा हा व्यवहार आहे. महाराष्ट्रांत सागाच्या अशा लागवडीसाठीं १९७४ मध्यें वन विकास महामंडळ स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे.

सागाची ओढ मात्र फार जुनी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं सागासारखीं लांकडें परवानगीनें तोडावीं, पण आंबे-फणसांना हात लावूं नये, कारण तीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, अशी ताकीद आहे. मुंबईच्या गोदींत १८१७ मध्यें सागाची बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे. जहाजांनीं साग खाल्ला, मागाहून रेल्वेच्या स्लीपरांनीं रान खाल्लें. १८४० नंतरच्या दशकांत मलबारांतील निलंबूर येथें कलेक्टर कॉनोली यानें चात्तु मेनन यांच्या साह्यानें सागाची पद्धतशीर लागवड आरंभिली, आणि १८४७ मध्यें मुंबई इलाख्यांत अलेक्झांडर गिब्सन हा वनांचा संरक्षक नेमला गेला. तेथून पुढें आपलें रान हें हिशेबाचें रान झालें.

हिशेबाचें म्हणजे काय, तें वाटेनें जातांना पदोपदीं दिसतें. सारें वन क्रमांक दिलेल्या कक्षांत विभागलेलें असतें. दर दहा-वीस वर्षांसाठीं त्याची कार्य-आयोजना लिहिली जाते, आणि कोणत्या वर्षीं कोणत्या तुकड्यांत तोड करावयाची हें तींत ठरतें. त्या तुकड्याला कूप म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमानंतर तर अशा मंजूर आयोजनेखेरीज वनांत झाड तोडतांच येत नाहीं. झाडाच्या बुंध्याशीं साल तासून हातोड्यानें ठसा मारलेला दिसला आणि वर क्रमांक रंगविलेला असला, तर तें झाड या वर्षीं पडणार असें समजावें. पडलेल्या ओंडक्यांच्या तोंडावर पुन्हां क्रमांक आणि घेर लिहिलेला असतो. त्याशिवाय तें लांकूड नाक्यावरून पुढें जात नाहीं, आणि लिलांवाच्या आगारांत त्याची नोंद होत नाहीं. हीं चिन्हें वाचतां येणें हें सायकलस्वाराच्या दृष्टीनें चाकांत हवा भरतां येण्याइतकेंच आवश्यक आहे. ताजे ठसे आणि ताज्या मोटारींच्या चाकोऱ्या दिसल्या, कीं पुढें कुऱ्हाडी आणि करवती चालूं आहेत. पडणाऱ्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दुपटीइतकें दूर राहावें असा वनकामाचा नियम आहे. वीस मीटरांचा साग असेल तर चाळीस मीटर. झाड पडतांना शेजारच्या झाडाच्या फांद्या मोडून भलतीकडेच उडवितें, म्हणून ही दुप्पट.

रस्त्याची रचनाहि याच कामांतून ठरलेली असते. तो लांकडासाठीं काढलेला. भरलेली गाडी खालीं उतरणार आणि रिकामी वर चढणार, म्हणून त्याचा चढ बेताचा ठेवतात आणि डोंगराच्या कुशीला धरून त्याला वळवीत नेतात. हाच बेताचा चढ सायकलीला मानवतो. पायवाटेच्या चढावर जेथें श्वास कोंडेल तेथें या रस्त्यानें बोलत बोलत जातां येतें. पण या रस्त्याला दुसरें गांव गाठावयाचें नसतें. ज्या ठिकाणीं ओंडके गोळा करावयाचे तेथपर्यंत तो जातो आणि तेथेंच संपतो. नकाशावर पलीकडच्या दरींतील रस्ता बोटभर अंतरावर दिसतो, आणि मध्यें असतो तो करवंदीच्या जाळ्यांचा कडा. रानांत वाट चुकणाऱ्या पुष्कळ सायकलस्वारांची फसगत येथेंच होते. आणखी एक सरळसोट, रुंद, मोकळी पट्टी डोंगराच्या अंगावर चढलेली दिसते. ती वाट नव्हेच. ती जाळरेषा. वणवा एका कक्षांतून दुसऱ्यांत शिरूं नये म्हणून तेथील गवत व पाला आधींच जाळून किंवा काढून टाकलेला असतो. तिच्यावरून सायकल घातली तर माती सुटते आणि पावसांत घळ पडते.

मुरमाविषयीं दोन शब्द. आपला काळा पाषाण ऊन-पावसानें कुजत जातो आणि त्याचा जो भुसभुशीत, तांबूस थर होतो तो मुरूम. त्यांत बारीक खड्यांबरोबर थोडी चिकणमाती असते. ओला करून दाबला कीं ती माती खड्यांना धरून ठेवते, आणि डांबरालाहि लाजविणारी वाट तयार होते. पण या भागांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो चिकणमाती धुऊन नेतो, खडे उघडे पडतात. ऑक्टोबरांत चिखलांतील चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कठीण होतात, आणि मार्चपर्यंत मोटारींच्या चाकांखालीं त्याच वाटेचा फुफाटा होतो. घोटाभर फुफाट्यांत पुढचें चाक एकाएकीं वळूं नये म्हणून हात सैल ठेवावे, वजन मागें घ्यावें, आणि पायटा थांबवूं नये. चाकोरी सोडावयाची असेल तर ती हळूहळू तिरकें जाऊन सोडतां येत नाहीं. चाक कडेला घांसून स्वार आडवा होतो. काटकोनांत, एका झटक्यानें बाहेर पडावें लागतें. चाकोरी सोडणें अवघड, ही म्हण आपल्याकडे गाडीवानांनीं केलेली असावी.

श्रोते हो, आतां मुख्य प्रश्नाकडे येतों. ती वाट कोणाची?

किल्डरच्या वनांत रात्रीं माणूस शोधावा लागेल. आपल्या सागवनांत दर दोन-तीन किलोमीटरांवर पाडा आहे. वारली, ठाकूर, कातकरी, मल्हार कोळी या लोकांचें तें घर आहे, आणि त्यांचा वनखात्याशीं चाललेला झगडा दीडशें वर्षांचा आहे. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं ऐनाच्या फांद्या, पाला आणि गवत जमिनीवर पसरून जाळावयाचें, त्या राखेंत बीं पेरावयाचें, ही येथील राबाची रीत. १८७८ च्या वनकायद्यानंतर रानें राखीव होऊं लागलीं, फांद्या तोडणें गुन्हा ठरूं लागलें, आणि ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला कीं सरकारला १८८५ मध्यें चौकशी-मंडळ नेमावें लागलें. राबाचा प्रश्न त्या चौकशींतला एक मोठा प्रश्न होता. त्यानंतर साठ वर्षांनीं, १९४५ मध्यें, वारल्यांनीं जमीनदारांच्या वेठीविरुद्ध उठाव केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं चाललेल्या त्या लढ्यांत गवत कापण्याची आणि जंगलांत झाडें तोडण्याची मजुरी हाहि मुद्दा होता. पुढें बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळांत ठेकेदाराला बाजूस सारून तोडीचें काम मजुरांच्याच सहकारी संस्थांना देण्याची पद्धति सुरू झाली. २००६ च्या कायद्यानें वनांत राहणाऱ्यांचे कसण्याचे व वनोपज गोळा करण्याचे हक्क मान्य केले. ज्या मुरमावर आपलें रुंद चाक सुखानें फिरतें, तो मुरूम याच लोकांनीं घमेल्यांनीं वाहून तेथें टाकलेला आहे.

या इतिहासामुळें कायद्याची स्थिति चमत्कारिक झाली आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमान्वयें राखीव वनांत अतिक्रमणपूर्वक शिरणें हा अपराध आहे. मग तें पायीं असो वा सायकलीवर. अभयारण्य असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें २७ वें कलम लागू होतें, आणि सार्वजनिक हमरस्ता सोडून आंत जावयाचें तर परवाना लागतो. शेजारचें तानसा अभयारण्य १९७० पासूनचें आहे. तानसा तलावापासून मुंबईला पाणी नेणारे नळ १८९२ पासून या भागांतून जातात. त्यांच्या कडेचा रस्ता सायकलीला मोह घालणारा आहे, पण तो मुंबई महापालिकेच्या नळांच्या राखणीसाठीं आहे, सहलीसाठीं नव्हे. उलट बांधकाम खात्याचे, जिल्हा परिषदेचे आणि पाड्यांना जोडणारे रस्ते सर्वांना मोकळे आहेत, आणि त्यांतले कित्येक सागाच्या रांगांमधूनच जातात. तेवढ्यानें ज्याचें समाधान होणार नाहीं त्यानें वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयांत जाऊन, कक्षाचा क्रमांक सांगून, लेखी परवानगी मागावी. असा अर्ज पाहून तेथील कारकून प्रथम बुचकळ्यांत पडेल. तरीहि अर्ज करावा. अर्ज आले नाहींत तर खात्याला नियम करण्याचें कारणच पडत नाहीं.

फोनवरील नकाशानें या बाबतींत मोठा घोटाळा केला आहे. एखादा स्वार पहांटे कोणाला न विचारतां कूपांतून जातो. त्याच्या प्रवासाची रेघ तो जगजाहीर करतो. पुढच्या रविवारीं त्या रेघेवरून दहाजण येतात. रेघ आहे म्हणजे वाट आहे, आणि वाट आहे म्हणजे हक्क आहे, असें त्यांना प्रामाणिकपणें वाटतें. पण पहिल्या स्वारानें रिकामा कूप पाहिला असेल, आणि दहाजणांच्या वेळीं तेथें तोड चालूं असेल. रेघ काढणाऱ्यानें निदान महिना आणि कक्ष लिहावा, आणि राखीव वनांतील भाग दाखवूंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

वाटेवरच्या माणसांशीं वागण्याचे जे संकेत आहेत ते कोणत्याहि पुस्तकांत नाहींत, पण त्यांवांचून या मुलखांत सायकल चालवूं नये. डोईवर मोळी घेतलेली बाई समोरून आली तर आपण थांबावें आणि उताराच्या बाजूला उभें राहावें. तिला मान वळवितां येत नाहीं आणि पाय बदलतां येत नाहीं. बैलगाडीच्या मागून घंटा वाजवूं नये, बैल बुजतात; दुरून हांक द्यावी, गाडीवान स्वतःच वाट देतो. पाड्यांत शिरतांना उतरून चालावें, म्हणजे कुत्रीं अंगावर येत नाहींत आणि माणसें बोलतात. नोव्हेंबरांत रस्त्यावरच भात वाळत घातलेलें असतें. त्यावर चाक घालूं नये हें सांगावें लागूं नये, पण तसें घडतें. मोहाच्या फुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्यें, झाडाखालीं पहांटेच बायकामुलें वांकलेलीं असतात, आणि वळणावर भरधांव आलेली सायकल मोटारीपेक्षांहि वाईट, कारण तिला आवाज नसतो. संध्याकाळ होण्यापूर्वीं रान सोडावें. बिबट्या आहे, सापांत घोणस आणि फुरसें आहेत, आणि पाल्याच्या थरांत तीं दिसत नाहींत.

हंगामाचें म्हणाल तर सागाच्या वनाला स्वतःचें एक पंचांग आहे. पावसाळ्यांत त्याच्या हातभर पानांचें छप्पर दाट होतें. पावसाच्या अखेरीस एक बारीक अळी पानांचा हिरवा गर खाऊन शिरा तेवढ्या ठेवते, आणि सारें रान तपकिरी जाळीचें दिसूं लागतें. शहरांतून आलेल्या माणसाला वाटतें रान वाळलें, पण साग मरत नाहीं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तोडीचें काम सुरू होतें. त्याच वेळीं वाटहि सर्वांत चांगली असते, म्हणून या दिवसांत विचारल्यावांचून कूपाकडे जाऊं नये. डिसेंबर-जानेवारींतील सकाळ सर्वांत सुखाची. फेब्रुवारीपासून पानें गळतात, आणि वाटेवर कागदासारखा कुरकुरीत थर बसतो. त्याखालीं दगड आहे कीं खड्डा, समजत नाहीं, आणि चाक घसरतें. पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून हा वनखात्याच्या दृष्टीनें वणव्याचा काळ. त्या दिवसांत विडी-सिगारेट आणि चहाचा स्टोव्ह घरींच ठेवावा. पाला जळून गेला तर सागाच्या मोठ्या पानांवरून एकत्र होऊन पडणारे पावसाचे जाड थेंब उघड्या जमिनीवर आदळतात, आणि चांगली माती पहिल्या महिन्यांतच ओढ्याला लागते.

जूनच्या पहिल्या सरी आल्या, कीं मुरमाच्या सायकलीनेंहि मुरमाचा रस्ता सोडून डांबरावर यावें. ओल्या मुरमांत चाकाची एक रेघ उमटते, तळहाताहूनहि अरुंद. पहिल्या मोठ्या पावसांत पाणी तीच रेघ धरतें आणि आठवड्याभरांत तिची नाली करतें. तोडीच्या मोटारी पुन्हां येण्यापूर्वीं, दसऱ्याच्या सुमारास, ती बुजविण्याचें काम निघतें, आणि टोपल्यांनीं मुरूम वाहण्यासाठीं पाड्यांतलींच माणसें बोलावलीं जातात.